मोबाइल असताना हॅम रेडिओ क्लब कशाला?
मोबाइल घरोघरी असताना हॅम रेडिओ (सरकारी परवाना घेऊन हौसेने चालवलेला बिनतारी संपर्क) क्लबची गरज काय, हा प्रश्न किल्लारीचा १९९३ चा भूकंप आठवणाऱ्या लातूरकराला सहसा पडत नाही, कारण आपत्तीत नेहमीचे फोन बंद पडू शकतात हे त्याला ठाऊक असते. पैठणच्या नाथषष्ठीला गर्दी वाढून मोबाइलला रेंज मिळेनाशी होते, तेव्हा आमचे सदस्य पाच वॅटचे हँडसेट घेऊन गोदाकाठी उभे राहतात आणि चुकलेल्या मुलाचे वर्णन, सदऱ्याच्या तुटलेल्या गुंडीसकट, १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातून पलीकडच्या घाटावर मिनिटभरात पोचते. (बॅटरी मात्र नेमकी भर दुपारी मान टाकते.) परवान्याची परीक्षा वयाच्या बाराव्या वर्षापासून देता येते, मोर्सची (ठिपके-रेघांच्या सांकेतिक लिपीची) धास्ती असल्यास ती चाचणी नसलेली रिस्ट्रिक्टेड श्रेणी घ्यावी. मोबदला घेऊन निरोप पोचवणे नियमात बसत नाही, त्यामुळे मंगल कार्यालयांची बोलावणी आम्ही नम्रपणे नाकारतो.