ऑक्टोबरात नाशिकच्या बागेत पाहुण्यांना नेमके काय दाखवायचे?

मालकाडी (दिंडोरी)

नवरात्रापासून दिवाळीपर्यंत नाशिकने वाइन महोत्सव भरवावा, मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना बागेत नेऊन घड तोडू द्यावेत, द्राक्षे पायांनी तुडवू द्यावीत आणि रात्री मुखवटे घालून नाचायचा बोहाडा दाखवावा, असे सुचवणारा मजकूर काल या चर्चेत आला आणि त्यावर कौतुकाचा पाऊस पडला. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण त्याने ऑक्टोबरातली बाग आतून पाहिलेली दिसत नाही. युरोपात शरद ऋतू हा काढणीचा काळ असतो, म्हणून तो आपल्याकडेही तसाच असणार, असे त्याने गृहीत धरले आहे.

आपल्याकडे एप्रिलात काड्या वाढवण्यासाठी खरड छाटणी आणि पाऊस सरताना घड धरण्यासाठी गोडी छाटणी अशा दोन छाटण्यांवर एकच पीक येते, आणि वाइनची द्राक्षे जानेवारी ते मार्च या काळात निघतात. सुला या वाइन कंपनीचा सुलाफेस्ट महोत्सव बहुतेक वर्षे फेब्रुवारीतच का भरला, याचा विचार केला असता तरी हा मजकूर लिहिला गेला नसता. ऑक्टोबरात वेलीवर तोडायला घड नसतोच. वेलीचे उघडे ओलांडे म्हणजे आडव्या फांद्या, नुकते फुटलेले पोपटी कोंब आणि आभाळाकडे पाहणारा शेतकरी एवढेच तिथे दिसते. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात लांबलेल्या पावसाने डावणी या बुरशीच्या रोगासह जे काही दाखवले, ते ज्यांनी भोगले त्यांना त्या महिन्यात महोत्सवाची कल्पना सुचणार नाही.

बोहाड्याबद्दल तर काय बोलावे? पेठ, सुरगाणा, मोखाडा या भागांत तो होळीनंतरच्या दिवसांत, गावाच्या देवांसाठी, रात्रभर चालतो. तो ऑक्टोबरात हॉटेलच्या हिरवळीवर उभा करायचा असेल, तर चैत्रात गणपती बसवायलाही हरकत नसावी. या दिवसांत इथली संस्कृतीच पाहायची असेल, तर कोजागरीला कावडी घेऊन सप्तशृंग गडाकडे चालत जाणारी माणसे पाहावीत. त्यांच्यासाठी तिकीट लागत नाही, आणि कदाचित म्हणूनच ती कुणाच्या योजनेत बसत नसावीत.

बॅकवॉटर (गंगापूर धरण परिसर)

माझे छोटे निवासस्थान आहे, पाहुण्यांवर माझे घर चालते, तेव्हा माझा स्वार्थ आधीच मान्य करून टाकतो. काढणीचा हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा असतो. उरलेल्या काळात खोल्या झाडणाऱ्या, भाकरी थापणाऱ्या, गाड्या चालवणाऱ्या गावातल्या लोकांनी काय करावे, याचे उत्तर आपल्या लेखात कुठेच नाही. सुलाने २००५ मध्ये चाखणीची खोली उघडली, तेव्हाही ‘इथे कोण येणार’ असे विचारणारे पुष्कळ होते.

शिवाय ‘ऑक्टोबरात काहीच नसते’ हे आपण बागायतदार असून कसे म्हणता, याचे नवल वाटते. एप्रिल छाटणीनंतर काडीच्या डोळ्यात, म्हणजे कळीत, येणाऱ्या घडाचा सूक्ष्म अंकुर (सूक्ष्मघड) तयार झालेला असतो. छाटणीआधी आपणच काड्या तपासणीला पाठवता, सूक्ष्मदर्शकाखाली घड आहे की काडी वांझ आहे ते पाहता, आणि मग किती डोळ्यांवर कात्री लावायची ते ठरवता. येणाऱ्या फेब्रुवारीचे पीक ऑक्टोबरातल्या काडीत दिसते, ही गोष्ट पाहुण्याला समजावून सांगितली तर तो द्राक्षे तुडवण्याचे नावही काढणार नाही. माझ्याकडे आलेल्या एका निवृत्त शिक्षिकाबाई काडीचा तो काप पाहून जेवणाची वेळ विसरल्या होत्या.

जुना करार (निफाड)

पर्यटन, पर्यटन आणि पर्यटन! वाइनच्या नावाखाली शेतकऱ्याला स्वप्ने दाखवण्याचा धंदा नवा नाही. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणानंतर विंचूरला वाइन पार्क झाला, आणि आमच्यासारख्यांनी खाण्याचा थॉम्पसन काढून वाइनचा शिराझ लावला. पुढे २००८-०९ ची मंदी आली आणि ज्या कंपनीशी माझा करार होता तिने ‘टाक्या भरल्या आहेत’ असे सांगून माल उचलला नाही. आदल्या वर्षाचे पैसेही रडत-रखडत दिले. खाण्याच्या द्राक्षाचे निदान बेदाणे तरी होतात, वाइनच्या द्राक्षाचे मी काय करणार होतो? बाग तोडली, आणि तिची लाकडे दोन हिवाळे चुलीत जळली.

जानेवारी २०२२ मध्ये १००० चौरस फुटांहून मोठ्या दुकानांत वाइन विकण्याचा निर्णय झाला, तेव्हाही शेतकऱ्याचेच नाव पुढे केले होते. विरोध झाला, निर्णय अडकला. पण दोन्ही बाजूंच्या भांडणात द्राक्षाचा किलोचा भाव काय मिळणार, हे कुणीही विचारले नाही. पाहुण्यांनी चाखणीसाठी दिलेल्या पैशातला किती भाग वेल लावणाऱ्याकडे येतो, तेवढे बॅकवॉटर यांनी सांगावे. महोत्सव मग कोणत्याही महिन्यात भरवा.

बॅकवॉटर

आपल्यावर अन्याय झाला, हे मान्य. तो मी केलेला नाही, हेही आपण मान्य करावे.

पेठ रस्ता

मी मजूर टोळीतल्या घरातला आहे, म्हणून वरच्या चर्चेत ज्यांचा उल्लेख कुणालाच करावासा वाटला नाही, त्यांच्याविषयी लिहितो. छाटणी झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेस्टिंग असते. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर हायड्रोजन सायनामाइड लावतात, आणि पुष्कळ बागांत ते आजही फडक्याने किंवा स्पंजाने, हाताने लावले जाते. ते त्वचा भाजते, आणि त्याच्या संपर्कात आलेल्या माणसाने त्या दिवसांत दारू घेतली तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, मळमळते, चक्कर येते. आधी आणि नंतर काही दिवस मद्य घेऊ नये, असे डब्यावरच लिहिलेले असते.

ज्या महिन्यात बागेत हे औषध लावलेले असते, नेमक्या त्याच महिन्यात पाहुण्यांच्या हातात वाइनचा पेला देऊन त्यांना ओळींमधून फिरवायचे, ही योजना आहे. गेल्या हंगामात एका बागेत माझी आई पेस्टिंग करत असताना पाहुण्यांची एक तुकडी तिचे फोटो काढत होती. कुणीतरी तिला ‘मावशी, जरा हसा ना’ असेही म्हणाले. तिच्या हातात हातमोजे नव्हते, हे मात्र त्यांतल्या एकाच्याही लक्षात आले नाही.

मालकाडी

पेठ रस्ता यांनी माझाच मुद्दा अधिक जोरकसपणे मांडला, त्याबद्दल आभार.

पेठ रस्ता

आपला मुद्दा मी मांडलेला नाही. आपण वर ‘आभाळाकडे पाहणारा शेतकरी’ लिहिलेत. त्याच्या शेजारी वाकून काम करणारी बाई आपल्याही लेखात नाही. दिंडोरीच्या किती बागांत टोळीला हातमोजे, चष्मा आणि हात धुवायला साबण मिळतो, ते आधी सांगा. आपल्या बागेत मिळतो का, एवढेच सांगितले तरी चालेल.

मालकाडी

हातमोजे मी दरवर्षी आणतो. मजूरच ते काढून ठेवतात, कारण त्यांनी कामाचा वेग कमी होतो.

पेठ रस्ता

काम एकरावर ठेक्याने दिले की वेग कमी होणे परवडत नाही, साहेब. रोजाने द्या, मग कोण काढून ठेवतो ते पाहू.

कॉलेज रोड

इतके विष कालवण्यासारखे यात काय आहे? आम्ही शहरातले लोक रविवारी दोन तास मोकळी हवा घ्यायला येतो, बागेतली मिसळ खातो, पैसे देतो आणि परत जातो. गिरणाऱ्याच्या रस्त्यावर टोमॅटोच्या गाड्यांमागे तासभर अडकूनही आम्ही तक्रार करत नाही.

जुना करार

टोमॅटोच्या गाड्या तुमच्या रस्त्यात येत नाहीत. हंगाम टोमॅटोचा आहे, तुम्ही त्यांच्या रस्त्यात येता. माल दुपारी बाजारात उशिरा पोहोचला की भाव पडलेला असतो, आणि तो तुमच्या मिसळीच्या बिलातून भरून निघत नाही.

बॅकवॉटर

रविवारच्या गर्दीबद्दल मी वाद घालणार नाही. पेस्टिंगचा मुद्दा मात्र मला निरुत्तर करणारा आहे, आणि तो महोत्सवाच्या विरोधकांनी नव्हे तर मजुराच्या मुलाने काढावा लागला, हे मालकाडी यांनीही लक्षात घ्यावे. ज्या प्लॉटवर औषध लावले आहे तिथे पाहुणे नेणार नाही, त्या दिवशीची चाखणी छपराखालीच होईल, आणि कुणाचाही फोटो त्याला विचारल्याशिवाय काढता येणार नाही, एवढे मी माझ्यापुरते ठरवतो. काडी तपासणी दाखवणे मी सोडणार नाही. वाघबारशीला आमच्या पाड्यावर वाघदेवाची पूजा होते. तिथे पाहुणे न्यावेत की नाही, हे पाड्यातल्या लोकांनी ठरवावे.

मालकाडी

म्हणजे तोडायला घड नाहीत, तुडवायला द्राक्षे नाहीत, बोहाडा नाही आणि हातात पेला घेऊन बागेत फिरणेही नाही. असा महोत्सव असेल तर माझी काहीच हरकत नाही. काड्या मी फुकट पुरवतो.

पेठ रस्ता

आणि रोजाचे?

मालकाडी

एका प्लॉटवर यंदा रोजाने करून पाहीन. टोळीच्या मुकादमाला ते मान्य असेल, तर छाटणीआधी मला कळवा.