कासवाचं घरटं एक दिवस उशिरा सापडलं, अंडी हलवावीत का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. दापोलीजवळच्या एका किनाऱ्यावर कासवमित्रांबरोबर पहाटेच्या फेऱ्या मारतो. हा माझा दुसराच हंगाम, त्यामुळे जाणकारांनी सांगावं.

परवा पहाटे माझी पाळी होती. ताप होता म्हणून गेलो नाही आणि बदली कुणाला सांगायचंही राहिलं. चूक माझीच. काल गेलो तर ऑलिव्ह रिडले कासवाच्या खुणा, त्या ट्रॅक्टरच्या टायरसारख्या, वाऱ्याने अर्ध्या पुसलेल्या. काठी खुपसत गेलो, एका जागी भसकन आत गेली. वाळू काढली तर वीतभर खाली पहिलं अंडं. पिंगपाँगच्या चेंडूसारखं, पण वरच्या बाजूला पांढरा ठिपका धरलेला. म्हणजे गर्भ कवचाला आतून चिकटला. तशीच वाळू परत लोटली आणि घाम पुसत बसलो.

एरवी आम्ही घातल्यापासून काही तासांत अंडी उचलून हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या कुंपणातल्या सुरक्षित जागेत, नेतो. आता ती जरा जरी फिरली तर गेलीच.

पण ठेवावीत तरी कशी? घरटं भरतीच्या रेघेपासून चार पावलांवर. सध्या भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती आहे म्हणून ठीक, सहा दिवसांनी पौर्णिमेचं उधाण. मागच्या उधाणाने आणलेल्या काटक्या घरट्याच्याही वर पडल्यात. शिवाय कोल्हे आहेत. गेल्याच आठवड्यात एक घरटं उकरलं, नुसती टरफलं उरली.

आमच्यातले एक काका म्हणतात, "प्रत्येक अंड्याच्या डोक्यावर पेन्सिलीने खूण कर, तशीच उचल, तशीच ठेव." दुसरे म्हणतात हातच लावू नको. कासव 1972 च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, तेव्हा परवानगीशिवाय काही करणार नाहीच. वनरक्षकांना कळवलंय, ते उद्या येतील. तोवर अंडी तीन दिवसांची होतील.

असं उशिराचं घरटं कुणी हलवलंय का? शंभरातली किती पिल्लं निघाली? की जागेवरच जाळी लावून समुद्राच्या बाजूला वाळूच्या गोणी रचाव्यात? गोणींमुळे पाणी आत तुंबून राहील अशी मला भीती वाटते. आणि जागेवर ठेवलं तर पन्नासेक दिवस राखण आली, त्यात मागच्या रिसॉर्टचे दिवे. पिल्लं उजेडाकडे धावतात, ते मालकाला कसं पटवायचं तेही सुचवा.

उद्या सकाळच्या आत उत्तर मिळालं तर बरं.