बॉयलरला साधं सोल्डर नकोच
वाफेच्या छोट्या मॉडेल इंजिनाचा तांब्याचा बॉयलर साध्या सोल्डरने (सांधे जोडायला वितळवतात त्या धातूने) जोडला तर चालेल का, असं एकाने विचारलंय. अजिबात नको! कथील-शिशाचं सोल्डर 183 अंशांनाच वितळू लागतं. 4 बार दाबाची वाफ 150च्या आसपास असते. पाणी आटलं की तांबं त्याहून खूप तापतं, सांधे वितळतात, संपलंच. चांदीचं सोल्डर वापरा, त्याला 600च्या वर तापमान लागतं. आणि वाफ धरण्याआधी थंड पाण्याने दुप्पट दाबाची चाचणी घ्या. माझ्या बॉयलरला तेव्हाच एका कोपऱ्यात थेंब टपकला, सगळं पुन्हा तापवावं लागलं.

इथे फोंड्यात पावसाळ्यात चाकं रातोरात गंजतात, तो वेगळाच ताप.

पण परवा पडवीत इंजीन फुसफुसत हात-दोन हात पुढे सरकलं! दूधसागरच्या घाटात मीटर गेजची वाफेची गाडी पाहिलेले बाबा वाकून बघत म्हणाले, "शिट्टी खंय रे हिची?"