समृद्धीवरून उतरल्यावर ठाण्यापर्यंत किती वेळ? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

ए-३०४ : नमस्कार मंडळी. शुक्रवारी सासू-सासरे नागपूरहून समृद्धी महामार्गाने कारने येतायत. संध्याकाळी साडेपाचपर्यंत समृद्धीच्या टोकाला, आमण्याला पोहोचू असं मेहुणा म्हणतो. तिथून आपल्या ठाण्यात यायला किती वेळ धरू? सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, फार वेळ बसवत नाही त्यांना.

सी-१०१ : ताई, शुक्रवार संध्याकाळ नकोच. मेहुण्यांना पहाटे निघायला सांगा.

डी-२०३ : आमणे ते ठाणे अंतर फार नाहीये. तासाभरात याल.

बी-५०२ : अंतरावर जाऊ नका. कामानिमित्त मी याच रस्त्याने येतो-जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. समृद्धी ७०१ किमीचा. इगतपुरी-आमणे हा शेवटचा ७६ किमीचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला आणि कसारा घाट टळला. जवळपास ८ किमीच्या बोगद्यातून गाडी सरळ खाली उतरते. सुरेख काम झालंय, त्यात वादच नाही. पण रस्ता संपतो आमण्याला, म्हणजे भिवंडी तालुक्यात. तिथून वडप्याला येऊन आपला नेहमीचा नाशिक हायवेच धरावा लागतो.

आणि त्या हायवेवर आधीच कोण कोण आहे बघा. भिवंडीच्या गोदामांचे कंटेनर, नाशिककडून वाशी मार्केटला निघालेले भाजीचे ट्रक. माणकोलीला २०२४ पासून मोठागावच्या पुलावरून डोंबिवलीच्या गाड्याही येऊन मिळतात. खारेगावला मुंब्रा बायपासवरून जेएनपीटी बंदराची अवजड वाहनं चढतात. हे सगळं साकेतच्या खाडीपुलावर एकत्र येतं, आणि पुढे माजिवड्याला घोडबंदर रोड. नागपूरहून सातशे किमी आठ तासांत आलेला माणूस इथे शेवटच्या पंचवीस किमीला दोन तास बसतो. मी स्वतः बसलोय.

डी-२०३ : काका, रुंदीकरण चालू आहे ना? वडपे ते ठाणे आठ लेन होतायत.

बी-५०२ : चालू आहे, सुमारे २४ किमीचं. माझं म्हणणं एवढंच की हे काम समृद्धीच्या आधी पूर्ण व्हायला हवं होतं. नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्येच खुला झाला. रस्ता एक दिवस मुंबईच्या दाराशी येणार हे पहिल्या नकाशापासून ठरलेलं होतं. दार रुंद करायला तेव्हापासून वेळ होता.

ए-६०१ : मी मूळची अमरावतीची. माझ्या लहानपणी मुंबईला यायचं म्हणजे रात्रभर रेल्वे. आता भाऊ सकाळी निघून दुपारी चहाला येतो. तेवढ्यासाठी मला समृद्धीचं फार कौतुक आहे, उशीर झाला तरी.

बी-५०२ : कौतुक मलाही आहे, काकू. म्हणूनच शेवटचा तुकडा जास्त खुपतो.

सी-१०१ : पुढे मुंबईत जाणाऱ्यांसाठी उन्नत मार्ग होतोय ना? साकेत ते आनंदनगर, तिथून घाटकोपरचं छेडानगर आणि मग ईस्टर्न फ्रीवे.

बी-५०२ : हो, आनंदनगर ते छेडानगर १३.३ किमी, एमएमआरडीएचं काम. झालं तर फोर्टला जाणारी गाडी माजिवड्याच्या सिग्नलला येणारच नाही, आपला मोठा फायदा. पण फ्रीवे जिथे खाली उतरतो त्या ऑरेंज गेटला आजच रांग असते. तिथून मरीन ड्राइव्हपर्यंतचा बोगदा सोबत झाला नाही, तर आपली कोंडी फक्त दक्षिणेला सरकेल.

एफ-४०४ : गुजरातहून जेएनपीटीला जाणारे ट्रक ठाण्यातून काढले तर निम्मा प्रश्न सुटेल. वडोदरा एक्स्प्रेसवे आमण्याजवळून बदलापूरकडे आणि तिथून पनवेलजवळ मोरब्याला उतरतोय तो त्यासाठीच. माझ्या मते उन्नत मार्गापेक्षा तो जास्त महत्त्वाचा.

बी-५०२ : शंभर टक्के सहमत. अवजड वाहनाला ठाणे शहरात यायचं कारणच उरायला नको.

ए-३०४ : सगळं पटलं, पण शुक्रवारचं सांगा ना कुणीतरी 🙏

बी-५०२ : सॉरी ताई. नागपूरहून पहाटे पाचला निघा. मध्ये दोनदा थांबून सासऱ्यांना पाय मोकळे करू द्या, तरी दुपारी अडीच-तीनपर्यंत आमणे येतं. चारच्या आत माजिवडा ओलांडला पाहिजे. उशीर होणारच असेल तर आमण्याला उतरण्याआधीच मॅप बघायला सांगा. साकेतला लाल दिसलं तर घाई न करता हायवेवरच्या एखाद्या चांगल्या हॉटेलात जेवून घ्या, पुलावर अडकल्यावर गाडी वळवायला जागा मिळत नाही.

सी-१०१ : आणि तुमचे कुणी कल्याणला उतरणार असतील तर ठाण्यात येऊच नका. पडघ्याहून गांधारी पुलाने थेट कल्याण.

ए-३०४ : नाही, सगळे इकडेच. मेहुण्याला फोन केला, पहाटे साडेचारला निघतो म्हणाला.

सचिव : ताई, शुक्रवारी तुमच्या पाहुण्यांसाठी लिफ्टजवळचं पार्किंग मोकळं ठेवतो. वॉचमनला सांगितलंय.