साखर न घालता नारळाची वडी जमते का? काय वापरू? (बजेट ५०० रुपये)

कराडची_लेक
नमस्कार मंडळी. बाबा ७४ वर्षांचे आहेत, मधुमेह २० वर्षांपासून. गेल्या महिन्यात एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.४ आलं. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, भात-पोळी निम्म्यावर आणली आणि साखर पूर्ण बंद केली. बाबांनी चकार शब्द काढला नाही. पण परवा शेजारून नारळाच्या वड्या आल्या. बाबांनी डबा उघडला, वास घेतला, झाकण घट्ट लावलं आणि डबा माझ्या हातात दिला. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.
नारळी पौर्णिमेला १२ दिवस आहेत. त्यांना खाता येईल अशी वडी करायची आहे. ५०० रुपयांत काय येईल? कडवट चव त्यांना लगेच कळते. बाहेरून मागवायला वेळ नाही.

पाटावरवंटा
साखरेऐवजी रसायनांच्या मागे कशाला लागता? सेंद्रिय गूळ घाला किंवा खजूर वाटून घाला. आमच्याकडे १० वर्षं साखर नाही, सगळं गुळाचं. सगळे ठणठणीत.

ठाण्याची_सुगरण
पाटावरवंटा, मधुमेह्याला गूळ सुचवू नका हो. गूळ म्हणजे बहुतांशी साखरच. खजुरात वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर असते. गुळात लोह असतं वगैरे खरं आहे, पण वडीभर गुळातून मिळणार किती?
ताई, एरिथ्रिटॉल घ्या, साखरेऐवजी वापरतात तो गोडकारक. अर्धा किलो मी चारशेच्या आसपास आणलं. साखरेच्या साधारण ७०% गोड, रक्तातली साखर वाढवत नाही. दोन वर्षं वापरते आहे, दुसरं काही घरात आणत नाही.

न्यूजर्सीकर
एरिथ्रिटॉलपेक्षा अ‍ॅल्युलोज कितीतरी सरस. साखरेसारखं तांबूस होतं, थंड झाल्यावर खडे धरत नाही. इथे अमेरिकेत २०१९ पासून अन्न व औषध प्रशासनाने लेबलावरच्या साखरेच्या आकड्यातून त्याला वगळलं आहे. मी त्याचा खवा-केक केला होता, पाहुण्यांना सांगेपर्यंत कळलं नाही. जरा महाग पडतं, पण आईवडिलांसाठी पैसे बघू नयेत. कुणी येणार असेल तर मागवून घ्या.

कराडची_लेक
दादा, कराडला ते कुठे मिळणार? आणि बजेट खरंच ५०० च आहे. गोळ्यांचा खर्च वाढलाय.

हिरवी_बाल्कनी
स्टीव्हियाचं रोप लावा! माझ्याकडे तीन कुंड्या आहेत, एक पान चावलं तरी तोंड गोड होतं. पाच पैसे खर्च नाही.

नारळीपाक
पान चावणं वेगळं आणि वडी करणं वेगळं. वाळवलेल्या पानांची पूड घातली तर वडी हिरवी होते आणि मागून ज्येष्ठमधासारखी चव रेंगाळते. शुद्ध अर्क साखरेच्या २०० ते ३०० पट गोड, म्हणजे चिमूटभर लागतो. मग दोन वाट्या खोबऱ्याला धरून ठेवणार कोण? वडीत साखर नुसती गोडीला नसते. ती आळते, कढईच्या कडेला पांढरी दिसायला लागते, गोळा सुटतो, तेव्हा वडी पडते. स्टीव्हियाने नुसतं गोड खोबरं मिळेल, वडी नाही.

चिंचवडचा_चिंतातुर
मी एकदा फसलो म्हणून सांगतो. दिवाळीला एका दुकानातून ‘बिनसाखरेची’ काजूकतली आणली. आईने चार खाल्ल्या. रात्रभर पोटात गुडगुड, सकाळपर्यंत सहा वेळा उठली, आणि साखर २६० वर! मागे बारीक अक्षरात माल्टिटॉल लिहिलेलं. ते थोडंफार पचतं आणि साखर वाढवतं, उरलेलं आतड्यात आंबतं. तेव्हापासून मी पुड्याची पुढची बाजू वाचतच नाही, आधी मागची.

ठाण्याची_सुगरण
म्हणूनच म्हणते एरिथ्रिटॉल. ते बरंचसं लहान आतड्यातच शोषलं जाऊन लघवीवाटे निघून जातं, पोटाला तेवढा त्रास देत नाही.

पुणेरी_वाचक
एरिथ्रिटॉलचा इतका पुरस्कार करताना २०२३ चा क्लीव्हलँड क्लिनिकचा अभ्यास वाचलात का? रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असलेल्यांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण जास्त दिसलं. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनेही वजन आटोक्यात ठेवण्यासाठी स्टीव्हिया, सुक्रालोजसारखे गोडकारक वापरू नका म्हणून सांगितलं.

निवृत्त_लॅबवाला
संघटनेची ती शिफारस आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही, तसं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. आणि एरिथ्रिटॉल आपलं शरीर स्वतःही तयार करतं, त्यामुळे नुसत्या रक्तातल्या पातळीवरून खाल्लेल्यालाच दोष देता येत नाही. तरी ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारावं आणि रोज वाडगाभर खाऊ नये, हे मला पटतं.

पुणेरी_वाचक
मग मी वेगळं काय म्हणतोय? विचारूनच खावं.

गोल्डीची_आई
एक महत्त्वाचं. झायलिटॉल हा गोडकारक आणणार असाल आणि घरात कुत्रं असेल तर जमिनीवर कणही सांडू देऊ नका. कुत्र्याची साखर एकदम उतरते, यकृत निकामी होऊ शकतं. आमची गोल्डी झायलिटॉलचं च्युइंगगम चघळून दोन दिवस सलाईनवर होती. हात जोडून सांगते.

पाटावरवंटा
इथे वडिलांचा विषय चाललाय आणि तुम्ही कुत्र्याचं काय काढलंत?

गोल्डीची_आई
गोल्डी घरातलीच आहे आमच्या. एकाचं जरी वाचलं तरी लिहिल्याचं सार्थक.

कराडची_लेक
ताई, आमच्याकडे मोती आहे. बरं झालं सांगितलंत, झायलिटॉल यादीतून काढलं.

जयसिंगपूरकर
आमच्या औषधाच्या दुकानात सुक्रालोजची पूड मिळते, तीच घाला. चहाला मस्त लागते. सव्वाशेचा डबा.

चिंचवडचा_चिंतातुर
त्याचीही मागची बाजू वाचा. सुक्रालोज साखरेच्या ६०० पट गोड, मग डबा भरतात कशाने? बऱ्याच पुडांत माल्टोडेक्स्ट्रिन असतं आणि ते साखर झपाट्याने वाढवतं. चहात चमचाभर चालेल, वडीत वाटीभर नको.

नारळीपाक
ताई, एरिथ्रिटॉलच घेणार असाल तर माझी पद्धत लिहून घ्या. पहिल्यांदा मी साखरेसारखंच खोबऱ्यात घालून आटवलं. आधी सगळं सरसरीत झालं, गार झाल्यावर दगडासारखी वडी, आणि दुसऱ्या दिवशी वर पांढरे कण. दाताखाली कचकच. वर पेपरमिंट खाल्ल्यासारखी जीभ गार पडते.
आता असं करते: एरिथ्रिटॉल मिक्सरला पिठासारखं दळते. दोन वाट्या ओलं खोबरं दोन चमचे साजूक तुपावर कोरडं होईपर्यंत परतते, रंग बदलू द्यायचा नाही. त्यात पाव वाटी साय आणि अर्धी वाटी बदामाची पूड. गोळा व्हायला लागला की गॅस बंद. पाच मिनिटांनी पाऊण वाटी दळलेलं एरिथ्रिटॉल, वेलची, जायफळ. ताटात थापून लगेच वड्या पाडते. वडी मऊ राहते, कचकच फार कमी होते. फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथेच कण धरतात. त्याच दिवशी संपवा.
ओल्या खोबऱ्यात १०० ग्रॅमला पचणारी कर्बोदकं ६ ग्रॅमच्या आसपास, म्हणून वडी निवडलीत ते योग्यच. नारळीभात मागितला असतात तर तांदळाचं काय करणार होतो आपण?

न्यूजर्सीकर
अ‍ॅल्युलोजला यातलं काहीच करावं लागत नाही.

निवृत्त_लॅबवाला
ताई, एक गोष्ट कुणीच बोललं नाही. गोळ्या वाढल्या आणि भात-पोळी निम्मी झाली, म्हणजे काही गोळ्यांनी बाबांची साखर ७० च्या खालीही जाऊ शकते. दरदरून घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ दिसला तर हा बिनसाखरेचा पदार्थ काही उपयोगाचा नाही. तेव्हा तीन चहाचे चमचे खरी साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. साखर बंद केलीत म्हणून डबा घरातून हलवू नका.
आणि कुठलाही पदार्थ केलात तरी खाण्याआधी आणि दोन तासांनी बोटाला टोचून बघा. कुणाच्या घरचा अनुभव कुणाला लागू पडेलच असं नाही.

कराडची_लेक
काका, साखरेचा डबा मी खरंच आईकडे पाठवून दिला होता. आजच परत आणला. हे लिहिलंत, तुमचे उपकार विसरणार नाही.

कराडची_लेक (नऊ दिवसांनंतर)
सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलं म्हणून काय झालं ते सांगते. नारळीपाक ताईंच्या पद्धतीने आधी चारच वड्या करून पाहिल्या. वडी सुरेख पडली. बाबांनी अर्धी खाल्ली आणि म्हणाले, “जीभ गार पडते गं. तुझ्या आजीची वडी अशी नव्हती. वडी राहू दे.”
त्याच आठवड्यात मळ्यातली गाय व्याली आणि मामांनी पहिल्या दिवसाचा चीक पाठवला. मग मी खरवस केला. तुम्ही नको म्हटलेल्या स्टीव्हियाचाच! खरवस चिकातल्या प्रथिनांनी आपोआप धरतो, त्याला साखरेचा आधार लागत नाही. चिकात दुधापेक्षा दुग्धशर्कराही कमी असते. एक वाटी चीक, दोन वाट्या दूध, स्टीव्हियाचे बारा थेंब, भरपूर वेलची, जायफळ आणि केशराच्या चार काड्या. वीस मिनिटं वाफवला. कडवटपणा अगदी शेवटी किंचित येतो, तो जायफळाने झाकला. थेंबांची बाटली २१० रुपयांना मिळाली.
बाबांनी सुरीने स्वतः चौकोन कापला. हलवला तर थरथरत होता, कापलेल्या कडेला बारीक जाळी. दोन तुकडे खाल्ले. आधी १३२, दोन तासांनी १४९.
पौर्णिमेला फ्रिजरमधला उरलेला चीक काढणार आहे.

हिरवी_बाल्कनी
मी म्हटलंच होतं स्टीव्हिया!

नारळीपाक
मी वडीबद्दल बोलत होते हो. खरवसाचं ध्यानातच आलं नाही. चीक नसेल तेव्हा काय करायचं, त्यावर कुणी लिहील का?