‘प्रॉव्हेनन्स’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : जुन्या फ्रेंच पोर्सेलीनच्या भांड्यांवरचा एक लेख मराठीत करते आहे. त्यात ‘प्रॉव्हेनन्स’ पानोपानी येतो. कोशातले ‘उगम’, ‘मूळस्थान’ हे शब्द काही केल्या वाक्यात बसत नाहीत. शिवाय पोर्सेलीनला ‘चिनी माती’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर : ताई, बसणार नाहीतच. ‘उगम’ म्हणजे वस्तू कुठून आली. तुमच्या लेखाला हवंय ती कुणाकडून कुणाकडे गेली ते.

फ्रान्समधल्या सेव्रच्या पोर्सेलीन कारखान्यातला ‘इजिप्शियन सर्व्हिस’ हा जेवणाच्या भांड्यांचा संच घ्या. नेपोलियनने घटस्फोट दिल्यावर जोसेफिनने तो मागवला. ताटल्यांवर इजिप्तची दृश्यं आणि टेबलाच्या मधोमध मांडायला देवळं, स्तंभ, पुतळे, सगळं बिनझिलईच्या पांढऱ्या पोर्सेलीनचं. १८१२ मध्ये संच तयार झाला, तर तिला तो फारच रुक्ष वाटला आणि तिने परत पाठवला. १८१८ साली फ्रान्सच्या राजाने, अठराव्या लुईने, तो ड्यूक ऑफ वेलिंग्टनला भेट दिला. हा वेलिंग्टन म्हणजे १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढलेला आर्थर वेलस्ली. १९७९ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने हा संच विकत घेतला. इतके हात बदलले तरी उगम मात्र सेव्रच! म्हणून ‘उगम’ या शब्दाने इथे काहीच हाती लागत नाही.

मला आपला महसुली शब्द सुचतो : फेरफार. जमिनीची मालकी बदलली की तलाठ्याकडे फेरफाराची नोंद होते, तसाच हा ताटलीचा फेरफार.

आणि चिनी माती म्हणजे केओलिन. फ्रान्समध्ये लिमोजजवळ ती सापडली १७६८ साली. त्याआधीच्या सेव्रच्या भांड्यांत केओलिन नसायचंच, वेगळ्याच मिश्रणाचं ते ‘मऊ’ पोर्सेलीन. त्याला चिनी मातीचं म्हणणं अक्षरशः चूक ठरेल. शिवाय आपल्याकडे चिनी माती म्हटलं की लोणच्याची बरणी डोळ्यांसमोर येते. ती जाड, अपारदर्शक. पातळ पोर्सेलीनची ताटली दिव्यासमोर धरली तर मागच्या बोटांची सावली दिसते. ‘पोर्सेलीन’च ठेवा.

दुसरं मत : ‘फेरफार’ला माझा विरोध आहे. महसूल खात्याबाहेर ‘कागदपत्रांत फेरफार’ म्हणजे लबाडी. आणि या धंद्यात ती लबाडी खरोखरच चालते! १८०० नंतर सेव्रचे संचालक ब्रोन्यार यांनी कारखान्यातला जुना कोरा माल विकून टाकला. त्यावर बाहेरच्या लोकांनी चित्रं काढली आणि अठराव्या शतकातला माल म्हणून तो खपवला. ताटली उलटी केली की निळ्या रंगात एकमेकांत गुंतलेले दोन ‘एल’ दिसतात, ती सेव्रची खूण. मधलं अक्षर वर्षाचं, ‘ए’ म्हणजे १७५३. पण ती खूणसुद्धा नकली असू शकते. तांबडा ‘शातो दे त्युइलरी’ हा राजवाड्याचा शिक्का तर बनावट मालावर सर्रास मारलेला असतो. अशा ठिकाणी ‘ताटलीचा फेरफार’ वाचणारा नेमका उलटा अर्थ घेईल.

उत्तर : पटलं, फेरफार मागे घेतो. मग ‘पूर्वमालकी’ कसा वाटतो? लेखात पहिल्यांदा ‘पूर्वमालकीचा इतिहास’ लिहा, पुढे नुसतं ‘पूर्वमालकी’. ‘वहिवाट’ नको, कारण ती मालकीशिवायही असते. ‘वडिलोपार्जित’ही नको, इथे राजे, भेटी, विक्री सगळंच आलं.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. भांड्यांवर नाव घालायची रीत आठवा. माझ्या आजीच्या पितळी पातेल्याच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी तिच्या आत्याचं नाव, लग्नाची तिथी आणि ‘सप्रेम भेट’ असं कोरलेलं आहे. वाटण्या झाल्या, पातेलं तीन घरं फिरलं, दोनदा कल्हई झाली, तरी हात लावला की ते ठिपके बोटांना लागतात. ती अक्षरं म्हणजे त्या पातेल्याची पूर्वमालकीच.

प्रश्न विचारणारी : ‘पूर्वमालकी’ घेतला. पहिली नोंद अशी लिहिली आहे : ‘पूर्वमालकी : सम्राज्ञी जोसेफिन यांच्यासाठी घडवला, त्यांनी परत केला, १८१८ पासून ड्यूक ऑफ वेलिंग्टन, १९७९ पासून व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय, लंडन.’