मदत हवी आहे: बॅटरी दोन मिनिटांत बंद पडते, कुठली एलईडी आणि कुठले सेल घालू?

काळीमाती_उत्तर_सोलापूर
नमस्कार. घरी बनवलेली बॅटरी आहे. फुल उजेडावर लावली की दोन मिनिटांत बंद पडते. परत चालू केली तर अर्धा मिनिट चालते, परत बंद. एलईडी बदलू का सेल? सेल किती अँपिअरचे लागतील? गुरुवारपासून आमच्या फीडरला रात्रीची लाईट आहे, वडील कांद्याला पाणी धरायला एकटेच जातात. त्याआधी पाहिजे. नेमकं नाव सांगा, लगेच मागवतो.

मिलीओहम
बॅटरी म्हणजे टॉर्च का सेल? टॉर्च असं धरतो. एलईडी कुठली, सेल किती, सिरीज (एकामागे एक) का पॅरलल (शेजारी शेजारी), ड्रायव्हर (एलईडीला करंट देणारी छोटी सर्किट प्लेट) कुठला? आणि बंद पडते तेव्हा हाताला गरम काय लागतं, डोकं का शेपटी?

दूरचा_झोत
ओसरामची व्हाईट फ्लॅट एलईडी घाला, एक चौरस मिलिमीटरवाली. झोत लांब जायला लुमेन (एकूण उजेड) नाही, एलईडीचा ठिपका बारीक लागतो. माझ्या टॉर्चने बांधावरून पलीकडच्या विहिरीची मोटर दिसते.

काळीमाती_उत्तर_सोलापूर
टॉर्चच. एलईडी चांगली आहे, क्रीची एक्सएचपी ७०.२. सेल १८६५० (१८ मिलिमीटर जाड, ६५ लांब), दोन. ड्रायव्हर एलईडीबरोबरच आला. फक्त सेलचं नाव सांगा ना.

पॉवरलूम_अक्कलकोट_रोड
तुमचे वडील रात्री रानात जाणार म्हणून कळकळीने सांगतो, निळसर पांढरा उजेड देऊ नका. मी कारखान्यात चादरीचे धागे जुळवतो. पांढऱ्याफटक टॉर्चखाली लाल आणि तपकिरी धागा एकसारखा दिसतो. निचिया ५१९ए लावल्यापासून रंग दिवसासारखे कळतात. सरीत घोणस पडलेली असली तर तिचे तपकिरी ठिपके आणि वाळका पाला याच्यात फरक दिसला पाहिजे. सीआरआय (रंग किती खरे दिसतात तो आकडा) ९० च्या खाली नको, आणि केल्विन (जास्त तेवढा उजेड निळसर) ४००० च्या वर नको.

दूरचा_झोत
साप पायाशी असतो, कोल्हा-लांडगा लांब असतो. नान्नजच्या माळाकडे ज्यांची रानं आहेत त्यांना विचारा. झोतच पाहिजे.

पॉवरलूम_अक्कलकोट_रोड
लांडगा माणूस बघून बाजूला होतो. घोणस जागची हलत नाही, पाय पडला की चावते. पायाखालचंच आधी बघायचं.

मिलीओहम
दोघंही थांबा. या दोन्ही एलईडी ३ व्होल्टच्या आहेत. त्याच्याकडे दोन सेल सिरीजला असतील आणि ड्रायव्हर थेट जोडणीचा असेल, तर ८.४ व्होल्ट बसून पहिल्याच दाबाला जळतील. ७०.२ सहा व्होल्टची आहे का बाराची, ते कळू दे. आणि काळीमाती, सेल कुठून आणले ते अजून सांगितलं नाही.

रानवाट
लिथियम आयर्न फॉस्फेट सेल घाला, ३२७०० साईझ, ६००० एमएएच (सेलमधला साठा). सहजासहजी पेट घेत नाहीत, उन्हाळ्यात पत्र्याच्या मोटरखोलीत राहिले तरी भीती कमी. मी तीन वर्षं वापरतोय.

मिलीओहम
रानवाट, सेल उत्तमच. पण त्याची नळी १८ मिलिमीटरची, हा ३२ चा.

काळीमाती_उत्तर_सोलापूर
सहा व्होल्टची आहे, सिरीज. ड्रायव्हरवर एकच मोठा एफईटी (करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) दिसतो, म्हणजे थेट जोडणीचाच. सेल लॅपटॉपच्या पॅकमधले, भंगारातून आणले, पण चांगले आहेत, २२०० लिहिलंय. बंद पडल्यावर लगेच मीटर लावला: एक ३.७१, दुसरा ३.४८. म्हणजे संपलेले नाहीत, म्हणून तर एलईडीवर संशय. डोकं कोमट. शेपटीचं झाकण उघडून स्प्रिंगला बोट लावलं तर चटका बसला. स्प्रिंग अर्धी बसलीय, आधी उभी होती.

मिलीओहम
हे पहिल्या दिवशीच सांगायचं होतं. एलईडी निर्दोष आहे.

मीटर लावता तेव्हा सेलवर भार नसतो, म्हणून ३.७१ दिसतं. जुन्या लॅपटॉप सेलचा आतला रेझिस्टन्स १२० मिलीओहम, म्हणजे ०.१२ ओहम धरा. फुलवर ८ अँपिअर ओढले तर ०.१२ गुणिले ८, जवळपास १ व्होल्ट सेलच्या आतच जातो. ३.७ चे २.७ होतात. ड्रायव्हरला वाटतं सेल संपले, तो बंद करतो. भार गेला की व्होल्ट परत वर येतात, म्हणून अर्धा मिनिट चालते.

वर स्प्रिंग. बारीक पोलादी तारेतून ८ अँपिअर गेले की ती तापते, ताव उतरतो आणि ती बसते. वरपासून खालपर्यंत मऊ तांब्याची सिलिकॉन वायर सोल्डरचा डाग देऊन जोडा. टोकं पक्की, मधे थोडी ढील.

३.७१ आणि ३.४८ ही जोडी मात्र आजपासून वापरू नका. सिरीजमध्ये कमजोर सेल आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याला उलटा ढकलतो. सेल तापून फुटू शकतो, आणि हे हातात धरायचं यंत्र आहे.

सेल नवीन, एकाच लॉटचे दोन: सॅमसंग ३०क्यू, ३००० एमएएच, १५ अँपिअर. किंवा मोलिसेल पी२८ए, २८०० एमएएच, ३५ अँपिअर. ९९०० लिहिलेला १८६५० दिसला तर हातसुद्धा लावू नका, एवढं त्या डब्यात मावतच नाही.

दूरचा_झोत
मोलिसेलच घ्या. ३५ अँपिअर कुठं आणि १५ कुठं.

मिलीओहम
कशाला? क्रीचा स्वतःचा जास्तीत जास्तचा आकडा सहा व्होल्टच्या जोडणीला ४.८ अँपिअर आहे, हा आधीच त्याच्या वर चालवतोय. ३०क्यू ला १५ पुरेत. पाणी धरायला चार तास जाणार, तिथं एमएएच कामाला येतात. दोन ३०क्यू म्हणजे साधारण २१ वॅट-तास. ५ वॅटवर चालवली तर चार तास निघतात. फुलवर अर्धा तास नाही.

पंढरपूर_रोड
मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत अर्ज करा. दिवसा पाणी, रात्री झोप. टॉर्चचा विषयच संपतो.

काळीमाती_उत्तर_सोलापूर
अर्ज केलाय दादा, पण गुरुवार परवा आहे.

पॉवरलूम_अक्कलकोट_रोड
पुढं कधी एलईडी बदललीत तर हीच ७०.२ चार हजार केल्विन, ९० सीआरआयमध्ये येते. ड्रायव्हर बदलावा लागणार नाही. ही गोष्ट विसरू नका.

काळीमाती_उत्तर_सोलापूर
झालं ते सांगतो. होटगी रोडला ई-बाईकचे पॅक बांधणारा आहे, त्याच्याकडे ३०क्यू मिळाले. खोटे असतील (खोटा बहुधा हलका भरतो) म्हणून सराफाच्या काट्यावर ठेवले, एक ४६ ग्रॅम, दुसराही ४६. दोन्ही ३.५४ व्होल्ट. स्प्रिंगला वायर जोडली, पहिला डाग सुटला, कानशीने घासून दुसऱ्यांदा बसला. काल रात्री फुलवर सहा मिनिटं, बंद नाही पडली, पण डोकं धरवेना. मग मधल्या मोडवर ठेवली. आठला लावली, साडेदहाला चालूच होती, सेल ३.६८ आणि ३.६८. वडील म्हणाले, मधलाच उजेड बास, फुल केली की डोळे दिपून कडेचं दिसत नाही.

आता मोड. बटण सोडून परत दाबलं की दरवेळी फुलपासूनच सुरू होते. चिखलाच्या हाताने त्यांना मधल्या मोडवर आणायला तीनदा दाबावं लागतं. ड्रायव्हर न बदलता ते करता येईल का?

मिलीओहम
मोड चिप ठरवते, ती कुठली ते कळल्यावर सांगतो. ड्रायव्हरवरच्या आठ पायांच्या चिपचा जवळून फोटो टाका, वरची अक्षरं दिसली पाहिजेत.